कॅमेऱ्यातून संगणकात : फोटो उतरवून घेण्याचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्यातले छायाचित्र संगणकात उतरवून घ्यायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : छायाचित्र ज्यात साठवले आहे ते माध्यम, त्या माध्यमापासून संगणकापर्यंतची वाट आणि दोन्ही यंत्रांना सारखीच कळेल अशी फाइलची मांडणी. आज केबल जोडली किंवा कार्ड खाचेत सरकवले की शेकडो छायाचित्रे काही मिनिटांत लॅपटॉपवर येतात. ही सोय घडायला काही दशके लागली. तीत शोध लावणाऱ्यांचा वाटा आहेच. पण बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून केलेल्या ठरावांचा वाटा त्याहून मोठा आहे.

या क्रियेचे महत्त्व फिल्मशी तुलना केली की स्पष्ट होते. फिल्मच्या काळात निगेटिव्ह हीच मूळ प्रत असे. कागदावरचे फोटो हरवले तरी स्टुडिओत जपून ठेवलेल्या निगेटिव्हवरून ते पुन्हा काढता येत. डिजिटल कॅमेऱ्यातले कार्ड मात्र पुसून पुन्हा वापरण्यासाठीच असते. ते पुसले गेले की संगणकात घेतलेली प्रत हीच मूळ प्रत होते. म्हणजे छायाचित्र टिकणार की नाही, हे ते उतरवून घेताना ठरते.

संगणकातली पहिली चित्रे

संगणकात चित्र नेण्याची पहिली वाट कॅमेऱ्यातून नव्हे, कागदावरून निघाली. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या नळकांड्याचा एक स्कॅनर बनवला. त्यांनी पहिला फोटो निवडला तो कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. सुमारे पाच सेंटिमीटर चौरस आकाराचा तो फोटो १७६ आडव्या आणि १७६ उभ्या ठिपक्यांत वाटला गेला आणि सीक या संगणकात साठवला गेला. चित्र म्हणजे ठिपक्यांच्या किमतींचा तक्ता, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना तेथे प्रथम प्रत्यक्षात उतरली.

कॅमेऱ्याने दूरवर टिपलेले चित्र अंकांच्या रूपात संगणकाकडे पाठवण्याचा प्रयोग अंतराळ संशोधनात झाला. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेले. त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे २०० बाय २०० ठिपक्यांची होती आणि प्रत्येक ठिपक्यासाठी सहा बिट होते. ती यानातल्या चुंबकीय फितीवर साठवून नंतर पृथ्वीकडे पाठवण्यात आली. प्रसारणाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वाआठ बिट एवढाच असल्याने एक चित्र यायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. संगणकाने चित्र तयार करीपर्यंत जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना धीर धरवला नाही. त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या, प्रत्येक आकड्याला ठरवलेला रंग भरला आणि मंगळाचे पहिले जवळून घेतलेले चित्र हातांनी उभे केले. आधी साठवायचे, मग पाठवायचे आणि शेवटी जुळवायचे हा क्रम येथेच दिसतो. पुढच्या प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याने तोच पाळला.

कॅसेट आणि फिरती तबकडी

१९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या घटकाची कल्पना मांडली. पुढे या घटकामुळे पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो ओळीने वाचता येऊ लागला. या कामासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. फेअरचाइल्ड कंपनीने बाजारात आणलेली १०० बाय १०० ठिपक्यांची सीसीडी वापरून कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी डिसेंबर १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास होते आणि भिंग सुपर ८ चलच्चित्र कॅमेऱ्याचे होते.

चित्र साठवायचे कशात, हा प्रश्न सॅसन यांनी साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटने सोडवला. एक काळेपांढरे चित्र फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. एका कॅसेटवर ३० चित्रे ठेवण्याचे त्यांनी ठरवले, कारण २४ आणि ३६ फोटोंच्या फिल्मची लोकांना सवय होती आणि ३० हा आकडा त्यांच्या मधला होता. चित्र पाहण्यासाठी कॅसेट कॅमेऱ्यातून काढून मायक्रोकॉम्प्युटरवर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्रात घालावी लागे. ते यंत्र फितीवरचे आकडे वाचून चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवी. कॅमेरा एक यंत्र, चित्र वाचणारे दुसरे आणि दोहोंमध्ये काढता-घालता येणारे माध्यम, ही रचना या पहिल्याच नमुन्यात होती. कोडॅकला त्याचे पेटंट १९७८ मध्ये मिळाले, मात्र हा कॅमेरा विक्रीसाठी कधीच आला नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये सोनीने माविका या कॅमेऱ्याचा नमुना जगापुढे ठेवला. त्यात दोन इंची चुंबकीय तबकडीवर ५० स्थिर चित्रे मावत. मात्र ती अंकांच्या रूपात नव्हती. दूरचित्रवाणीच्या संकेतासारखी सलग लहरींच्या रूपात असत. त्यामुळे ती टीव्हीवर लगेच दिसत, पण संगणकात न्यायची तर त्या लहरींचे अंकांत रूपांतर करणारे वेगळे कार्ड संगणकात बसवावे लागे. १९८६ पासून कॅननसारख्या कंपन्यांनी असे कॅमेरे प्रत्यक्ष विकले. वृत्तपत्रांनी ते टेलिफोनच्या तारेवरून चित्रे पाठवण्यासाठी वापरले. चित्रात तपशील कमी असे आणि रूपांतरात तो आणखी घटे. छायाचित्र संगणकात न्यायचे असेल तर ते कॅमेऱ्यातच अंकांच्या रूपात तयार व्हायला हवे, हा धडा या पिढीने दिला.

सीरियल केबलचा काळ

१९८८ मध्ये फुजीने डीएस-१पी हा कॅमेरा सादर केला. तो चित्रे अंकांच्या रूपात तोशिबाच्या मदतीने बनवलेल्या दोन मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर लिही. एका कार्डावर पाच ते दहा चित्रे मावत. कार्डातली मेमरी वीज गेली की रिकामी होणारी असल्याने कार्डातच बॅटरी ठेवावी लागे.

थेट संगणकाला जोडण्याच्या हेतूने बनवलेला सुरुवातीचा कॅमेरा म्हणजे १९९० च्या सुमारास अमेरिकेत आलेला डायकॅम मॉडेल १. तोच पुढे लॉजिटेक फोटोमॅन या नावाने विकला गेला. त्यात काढता येण्याजोगे कार्ड नव्हते. एक मेगाबाइट मेमरीत ३२ काळीपांढरी चित्रे राहत आणि ती सीरियल केबलने संगणकात घ्यावी लागत. बॅटरी संपली की चित्रेही जात. म्हणून या कॅमेऱ्याच्या मालकाला फोटो उतरवून घेणे लांबणीवर टाकता येत नसे.

व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी कोडॅकने १९९१ मध्ये डीसीएस ही प्रणाली आणली. निकॉन एफ३ कॅमेऱ्याच्या पाठीला १३ लाख ठिपक्यांचा सेन्सर जोडलेला असे आणि त्यातून निघालेली तार खांद्याला अडकवलेल्या पेटीत जाई. त्या पेटीत २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तीत १५६ चित्रे जशीच्या तशी मावत. आकुंचन करणारे सर्किट बसवले तर ६०० पर्यंत. पेटी नंतर स्कझी केबलने संगणकाला जोडली जाई. १९९४ मध्ये असोसिएटेड प्रेसने कोडॅकसोबत तयार केलेल्या एनसी२००० या कॅमेऱ्याने ही पेटी काढून टाकली. चित्रे लॅपटॉपच्या खाचेत बसणाऱ्या पीसीएमसीआयए कार्डावर जाऊ लागली. मैदानाच्या कडेला बसून कार्ड लॅपटॉपमध्ये घालायचे, एक चित्र निवडायचे आणि फोनच्या तारेवरून कार्यालयाकडे धाडायचे, ही क्रीडा-छायाचित्रकारांची पद्धत तेव्हापासून रुजली.

घरगुती ग्राहकांसाठी १९९४ मध्ये ॲपलचा क्विकटेक १०० आला. तो कोडॅकने बनवलेला होता आणि त्यात ६४० बाय ४८० ठिपक्यांची आठ चित्रे राहत. १९९५ मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने पाठीवर छोटा रंगीत पडदा दिला. त्याच्या दोन मेगाबाइट मेमरीत ९६ लहान चित्रे मावत. चित्र काढताच पाहता येऊ लागले, नकोसे तेथेच पुसता येऊ लागले. पण चित्रे संगणकात घ्यायची तर दोन्ही कॅमेऱ्यांना सीरियल केबलच लागे.

ही केबल फारच संथ होती. संगणकाच्या सीरियल पोर्टचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे साधारण ११ किलोबाइट. या वेगाने ३२ मेगाबाइटचे भरलेले कार्ड रिकामे करायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ कॅमेरा चालू ठेवावा लागे आणि पेन्सिल सेलची बॅटरी मध्येच संपे. शिवाय प्रत्येक कंपनीची केबल वेगळी, कॅमेरा आणि संगणक यांच्यातली आज्ञांची भाषा वेगळी आणि सोबत मिळणारे सॉफ्टवेअरही वेगळे. १९९२ मध्ये ठरलेल्या ट्वेन या मानकामुळे स्कॅनर किंवा कॅमेऱ्यातले चित्र फोटोशॉपसारख्या प्रणालीत थेट घेता येई, पण त्यासाठीही कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागेच.

याच काळात छायाचित्राची फाइल लहान करणारा एक ठराव झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेपीईजी मानकाने, डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळून फाइलचा आकार दहा-पंधरा पटींनी घटवण्याची एकच सर्वमान्य पद्धत दिली. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे रंगीत चित्र आकुंचनाशिवाय सुमारे ९०० किलोबाइट जागा घेते. जेपीईजीत तेच साठ-सत्तर किलोबाइटमध्ये बसते. ही पद्धत सर्वांनी स्वीकारली नसती तर नव्वदच्या दशकातल्या कार्डांवर आणि केबलींवर डिजिटल छायाचित्रण उभेच राहिले नसते.

कार्डांची स्पर्धा

कॅमेऱ्यातून काढता येणारे, लहान आणि वीज गेली तरी माहिती जपणारे माध्यम मिळाले ते फ्लॅश मेमरीमुळे. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिचे दोन प्रकार विकसित केले. त्यांतला नँड हा प्रकार १९८७ मध्ये जाहीर झाला आणि पुढे तोच कॅमेऱ्याच्या कार्डांचा पाया ठरला.

१९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले. त्याची विद्युत रचना पीसीएमसीआयए कार्डाशी मिळतीजुळती होती. त्यामुळे एका साध्या जोडणीत बसवले की ते लॅपटॉपच्या खाचेत जाई आणि डिस्कसारखे उघडे. १९९५ मध्ये तोशिबाने स्मार्टमीडिया हे कार्ड आणले. ते एक मिलिमीटरपेक्षाही पातळ होते आणि त्यात नियंत्रक चिप नव्हती. फ्लॅशचा कारभार कॅमेऱ्याने किंवा वाचक यंत्राने पाहायचा. त्यामुळे कार्ड स्वस्त झाले, पण मोठ्या क्षमतेचे नवे कार्ड जुन्या यंत्राला वाचता येईना आणि १२८ मेगाबाइटवर त्याची वाढ थांबली. १९९८ मध्ये सोनीने मेमरी स्टिक काढली. २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी एक्सडी कार्ड काढले. मॅट्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये एसडी कार्डाची घोषणा केली आणि २००० च्या आरंभी त्यासाठी एसडी असोसिएशन स्थापन केली. इतर कंपन्यांना सदस्य होऊन हे कार्ड वापरता येत असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. पुढच्या दशकात ऑलिंपस, फुजीफिल्म आणि सोनी यांनीही आपल्या कॅमेऱ्यांत एसडी घेतले.

या स्पर्धेत काही वर्षे सर्वांत सोयीची वाट जुन्या माध्यमाने दिली. १९९७ मध्ये सोनीने डिजिटल माविका मालिकेतले एफडी५ आणि एफडी७ हे कॅमेरे आणले. ते चित्रे साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर लिहीत. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर वीसेक जेपीईजी चित्रे मावत. त्या काळी जवळजवळ प्रत्येक संगणकाला फ्लॉपी ड्राइव्ह होताच; त्यामुळे केबल नको, ड्रायव्हर नको, कंपनीचे सॉफ्टवेअरही नको. शाळा, विमा कंपन्या आणि घरांचे दलाल यांच्यात हा कॅमेरा अमेरिकेत विशेष चालला. त्याचे यश पाहून स्मार्टमीडिया कार्ड पोटात घेणारे फ्लॉपीच्या आकाराचे फ्लॅशपाथ हे साधनही निघाले. ते फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून कार्ड वाचता येई, मात्र वेग फ्लॉपीइतकाच राही. चित्रांचे आकार वाढत गेले तसे फ्लॉपी अपुरी पडली आणि कार्ड रीडर हे स्वतंत्र उपकरण रूढ झाले. कॅमेऱ्याची बॅटरी न खर्चता कार्ड वाचता येणे, हा त्याचा मोठा फायदा होता.

यूएसबी

संगणकाच्या पाठीमागच्या वेगवेगळ्या खाचांची गर्दी संपवण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, आयबीएम इत्यादी कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी मानक प्रसिद्ध केले. इंटेलमध्ये या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांत अजय भट्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. नव्या मानकाची तीन वैशिष्ट्ये कॅमेऱ्यांच्या दृष्टीने मोलाची ठरली. संगणक चालू असताना केबल लावता-काढता येई, संगणक जोडलेले उपकरण आपण होऊन ओळखे आणि वेग सेकंदाला १.२ कोटी बिटपर्यंत जाई. सीरियल केबलवर पाऊण तास घेणारे ३२ मेगाबाइटचे कार्ड आता साधारण अर्ध्या मिनिटात रिकामे होऊ लागले.

१९९८ मध्ये विंडोज ९८ या प्रणालीत यूएसबीला चांगला आधार मिळाला आणि त्याच वर्षी ॲपलच्या आयमॅकने सीरियल पोर्ट आणि फ्लॉपी ड्राइव्ह दोन्ही वगळून यूएसबीवर भिस्त ठेवली. व्यावसायिक कॅमेऱ्यांत काही काळ फायरवायर ही अधिक वेगवान जोडणी टिकली. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये तीच होती. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ने वेग सेकंदाला ४८ कोटी बिटवर नेला आणि फायरवायरची गरज कमी केली. २००८ च्या यूएसबी ३.० ने तो ५०० कोटींवर नेला. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी सारखाच बसणारा यूएसबी-सी हा जोड ठरला आणि पुढे कॅमेरा, फोन, लॅपटॉप अशा सर्वांनी तो घेतला.

फाइलचे नाव, फोल्डर आणि सामाईक भाषा

एका कंपनीच्या कॅमेऱ्यातले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात वाचले जावे, यासाठी केबलइतकाच फाइलच्या मांडणीचा ठराव आवश्यक होता. हे काम मुख्यतः जपानच्या जेईडा या उद्योगसंस्थेने केले. १९९५ मध्ये तिने एक्झिफ मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार चित्राच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, शटरचा वेग आणि भिंगाचे छिद्र यांची नोंद होऊ लागली. फिल्मच्या काळात छायाचित्रकार वहीत लिही ती माहिती आता चित्रासोबतच संगणकात येऊ लागली आणि तारखेनुसार फोटो लावणे संगणकाला शक्य झाले. त्यात एक उणीव मात्र दीर्घकाळ राहिली : वेळ नोंदवली जाई, पण ती कोणत्या देशाच्या घड्याळाची हे नोंदवण्याची सोय २०१६ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. पुण्याची वेळ लावलेला कॅमेरा लंडनला नेला आणि घड्याळ बदलले नाही, तर सकाळची छायाचित्रे दुपारची म्हणून नोंदली जात.

डिसेंबर १९९८ मध्ये डीसीएफ हे दुसरे मानक आले. त्याने कार्डाच्या मुळाशी डीसीआयएम नावाचे फोल्डर असावे असे ठरवले. त्याच्या आत १०० ते ९९९ या क्रमांकांनी सुरू होणारी फोल्डरे आणि त्यांत चार अक्षरे व चार अंक अशा नावांच्या फाइली असाव्यात, असेही ठरले. जुन्या फॅट फाइल प्रणालीतल्या आठ अक्षरांच्या मर्यादेत हे नाव बसवले होते. कॅनन आयएमजी, निकॉन डीएससी अशी अक्षरे वापरते ती याच चौकटीत. कोणतेही कार्ड समोर आले तरी फोटो कोठे शोधायचे, हे या ठरावामुळे संगणकाला आधीच ठाऊक झाले. त्याचा एक दुष्परिणामही झाला. ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा ०००१ वर येतो. दोन कॅमेऱ्यांतही एकाच नावाच्या फाइली तयार होतात. त्या एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना जुनीवर नवी लिहिली जाण्याचा धोका राहतो. उतरवून घेताना तारखेचे नवे फोल्डर करण्याची किंवा फाइलींची नावे बदलण्याची शिस्त त्यातूनच आली.

तिसरा ठराव कॅमेरा आणि संगणक यांच्यातल्या भाषेचा. यूएसबीने जोडलेला कॅमेरा दोन प्रकारे वागू शकतो. पहिल्या प्रकारात तो स्वतःला डिस्क म्हणून सादर करतो आणि कार्डाचा ताबा पूर्णपणे संगणकाकडे जातो. हे सोपे असते. पण त्या वेळी कॅमेऱ्याला कार्डावर लिहिता येत नाही आणि केबल अचानक निघाली तर फाइल प्रणाली बिघडू शकते. दुसऱ्या प्रकारात कार्डाचा कारभार कॅमेऱ्याकडेच राहतो. संगणक चित्रांची यादी मागतो, हवे ते चित्र मागतो आणि कॅमेरा ते देतो. या दुसऱ्या पद्धतीसाठी २००० मध्ये पीटीपी हे मानक अमेरिकेतल्या पिमा या उद्योगसंस्थेने प्रसिद्ध केले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक १५७४० झाले. त्यापूर्वी लिनक्सवर काम करणाऱ्या जीफोटो या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना एकेका कॅमेऱ्याची खासगी भाषा तारेवरून जाणारे संकेत तपासून उकलावी लागे. पीटीपीनंतर नवा कॅमेराही पहिल्याच दिवशी ओळखला जाऊ लागला.

संगणकावरची मांडणी

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये कॅमेरा जोडताच एक मार्गदर्शक खिडकी उघडे. ती चित्रांच्या छोट्या प्रती दाखवी, फोल्डरचे नाव विचारी आणि कॉपी झाल्यावर कार्डावरची चित्रे पुसायची का, हेही विचारी. कंपनीची सीडी न टाकता फोटो उतरवून घेणे घरोघरी शक्य झाले. जानेवारी २००२ मध्ये ॲपलने आयफोटो आणले. २००४ मध्ये गुगलने पिकासा ही प्रणाली विकत घेऊन फुकट दिली. ती तारखेनुसार फोटो लावी, शोधू देई आणि त्यात सुधारणाही करू देई.

त्याच वर्षांत व्यावसायिकांचा ओढा रॉ फाइलीकडे वळला. सेन्सरने टिपलेली माहिती जेपीईजीत न आवळता तशीच ठेवली की रंग आणि प्रकाश यांत नंतर अधिक फेरफार करता येतात. पण फाइल कित्येक पटींनी मोठी होते आणि प्रत्येक कंपनीची रॉ फाइल निराळी असते. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे सामाईक रूप मांडले, तरी बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपापली रूपे कायम ठेवली. अडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये आले. उतरवून घेणे, नाव बदलणे, शब्दखुणा लावणे आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणे ही कामे त्याने एकाच पायरीत आणली.

महाराष्ट्रातल्या स्टुडिओंच्या कामाची घडीही या बदलाने मोडली आणि नव्याने बसली. लग्नाचे फिल्म रोल पूर्वी लॅबकडे धुवायला जात; त्यांच्या जागी आता कार्डे भरू लागली. मांडवाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून कार्ड रिकामे करणे आणि ते परत फोटोग्राफरच्या हाती देणे हे सहायकाचे काम झाले. निवडलेली छायाचित्रे फोटोशॉपमध्ये पानांवर मांडायची, ती आधी सीडीवर आणि नंतर पेनड्राइव्हवर लॅबकडे द्यायची आणि त्यांचा करिझ्मा अल्बम बांधून घ्यायचा, ही रीत शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. पूर्वी निगेटिव्ह स्टुडिओकडे राहत. आता सर्व फोटो पेनड्राइव्हमध्ये टाकून मागण्याचा हक्क ग्राहकाला आपला वाटू लागला. मूळ प्रतीची मालकी आणि ती जपण्याची जबाबदारी अशा रीतीने स्टुडिओतून घरात आली.

हानी आणि खबरदारी

या जबाबदारीसोबत नवे धोके आले. संगणक कार्डावर लिहायची माहिती काही वेळ आपल्या मेमरीत रोखून धरू शकतो. त्याच क्षणी कार्ड ओढले तर फाइलींची यादी अर्धवट राहते. कार्ड काढण्यापूर्वी संगणकाला तशी आज्ञा द्यावी, हा नियम त्यासाठीच आहे. फाइल कॉपी करण्याऐवजी कट करून हलवली आणि मध्येच वीज गेली तर काय पोचले आणि काय नाही याचा हिशेब लावणे अवघड होते. म्हणून आधी कॉपी, मग मोठे करून पाहणे, दुसरी प्रत तयार करणे आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करणे, हा क्रम जाणकारांनी रूढ केला. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी, असे सूत्र लोकप्रिय केले. संगणकाच्या जगात आज ते सर्वत्र सांगितले जाते.

चुकून पुसलेले फोटो पुष्कळदा परत मिळतात, याचे कारण फॅट प्रणालीत आहे. पुसताना ती फाइलच्या नोंदीवर खूण करते आणि जागा मोकळी असल्याचे लिहिते. चित्राची माहिती त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत तशीच राहते. फोटोरेकसारखी मोफत साधने जेपीईजी फाइलच्या सुरुवातीची ठरलेली खूण शोधून ती माहिती उचलतात. म्हणून अशा वेळी त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये, हा पहिला उपाय.

कार्डांची क्षमता वाढली तसे जुन्या यंत्रांशी खटके उडाले. २००६ चे एसडीएचसी कार्ड ३२ गिगाबाइटपर्यंत गेले, पण दिसायला सारखे असूनही ते जुन्या रीडरला वाचता येत नसे. २००९ च्या एसडीएक्ससीने एक्सफॅट ही नवी फाइल प्रणाली घेतली आणि तिच्यासाठी संगणकाची प्रणालीही अद्ययावत करावी लागली. वेगाची गरज मोठी असलेल्या कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्टफ्लॅशची जागा आधी एक्सक्यूडी आणि नंतर सीएफएक्सप्रेस कार्डांनी घेतली. लॅपटॉपांची खाच मात्र एसडीचीच राहिली. ॲपलने ती मॅकबुक प्रोमध्ये २००९ साली दिली, २०१६ साली काढली आणि छायाचित्रकारांची गैरसोय पाहून २०२१ साली परत आणली.

तारेविना आणि फोनवरून

केबल आणि कार्ड दोन्ही टाळण्याचे प्रयत्न २००३ पासून झाले. त्या वर्षी निकॉन डी२एच या कॅमेऱ्यासोबत वायफायचे उपकरण आले आणि वृत्तछायाचित्रकाराला मैदानातून थेट सर्व्हरवर चित्रे टाकता आली. २००५ मध्ये कोडॅक आणि निकॉन यांनी घरगुती कॅमेऱ्यांत वायफाय दिले. २००७ मध्ये आय-फाय हे एसडी कार्ड आले. त्याच्या आतच वायफायची सोय होती, त्यामुळे जुना कॅमेराही फोटो आपोआप घरच्या संगणकाकडे पाठवू लागला. कंपनीने २०१६ मध्ये जुन्या कार्डांचा आधार थांबवला. तोवर नव्या कॅमेऱ्यांत ही सोय मुळातच येऊ लागली होती. तरीही रॉ फाइलींनी भरलेले मोठे कार्ड वायफायवरून पाठवायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे व्यावसायिक कामात तारेची आणि कार्डाची जागा टिकून आहे.

मोठा बदल फोनमुळे झाला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक होती. २०२० मध्ये ती ९० लाखांच्या आत आली. फोनवरचे फोटो आयक्लाउड किंवा २०१५ मध्ये सुरू झालेल्या गुगल फोटोज यांसारख्या सेवांतून इंटरनेटवर जातात आणि तेथून लॅपटॉपवर दिसतात. वापरणाऱ्याला उतरवून घेण्याची क्रिया जाणवतही नाही. मात्र प्रतीची जागा आता सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते आणि साठवणुकीच्या अटी ती बदलू शकते. गुगलने अमर्याद मोफत साठवण जून २०२१ पासून थांबवली, तेव्हा अनेकांना आपले फोटो पुन्हा स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेण्याचा विचार करावा लागला.

फोन केबलने लॅपटॉपला जोडला की कॅमेऱ्यांच्या जगात झालेले जुने ठराव पुन्हा कामाला येतात. आयफोन संगणकाशी पीटीपीत बोलतो. अँड्रॉइड फोन पीटीपीवरूनच विस्तारलेल्या एमटीपीत. दोहोंत फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्येच असतात आणि त्यांच्या पोटात एक्झिफच्या नोंदी असतात. २०१७ पासून आयफोनने जेपीईजीऐवजी हाइफ हे अधिक आटोपशीर रूप घेतले, तेव्हा न वाचता येणाऱ्या फाइलींचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो उतरवताना आपोआप जेपीईजीत रूपांतर करण्याच्या सोयीने सोडवला गेला. माध्यम, वाट आणि मांडणी यांपैकी माध्यमे आणि वाटा वारंवार बदलल्या. फाइलच्या मांडणीचे ठराव मात्र टिकले. पंचवीस वर्षांपूर्वी कार्डावर लिहिलेला जेपीईजी फोटो आजचा लॅपटॉप विनाअडथळा उघडतो, तो त्यांच्यामुळेच.